रिकाम्या बाकाचें भाडें

रात्रीचे दहा वाजून गेले आहेत, डोंगराळ भागांतल्या एका लहानशा गांवाकडे मोटारबस चालली आहे आणि तींत दोनच उतारू बसले आहेत, असें चित्र वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. दोघांनींही तिकीट काढलें आहे; पण त्या दोन तिकिटांच्या पैशांत चालकाचा त्या फेरीचा पगारही भागणार नाहीं. उरलेल्या रिकाम्या बाकांचें भाडें दुसरें कोणी तरी देत आहे, एवढें निश्चित. तें देणारा मनुष्य त्याच वेळीं दहा कोसांवर आपल्या घरीं स्वस्थ झोंपला असेल. त्यानें तें गांव जन्मांत पाहिलेंही नसेल. त्याच्याकडून हे पैसे घेणें न्याय्य आहे काय? आणि न्याय्य असेल, तर तो न्याय कोणत्या तत्त्वावरचा?

हा प्रश्न प्रथमदर्शनीं जमाखर्चाचा वाटतो, आणि जमाखर्चाचे प्रश्न नीतिविचाराच्या दारांत आणूं नयेत अशी आपली एक समजूत असते. ती मला बरोबर वाटत नाहीं. मनुष्य दुसऱ्याविषयीं काय बोलतो यापेक्षां दुसऱ्यासाठीं कोणत्या हिशेबानें पैसे मोजतो यावरून त्याची नीति अधिक स्पष्ट कळते; आणि समाजाचेंही तसेंच आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिच प्रांतानें आपल्या सार्वजनिक वाहतुकीची जी घडी बसविली आहे, तींत हा हिशेब उघड्यावर मांडलेला दिसतो. म्हणून तिच्याच आधारें या प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रादेशिक वाहतूकसंघाची कल्पना मूळची झुरिचची नव्हे. असा पहिला संघ जर्मनींतील हॅम्बर्ग येथें १९६५ सालीं निघाला. तेथें शहरांतील रेल्वे एका कंपनीची, उपनगरी गाड्या राष्ट्रीय रेल्वेच्या, बंदरांतल्या बोटी तिसऱ्या कंपनीच्या आणि आसपासच्या मुलखांतील बस आणखी एकीच्या, अशी वांटणी होती. उतारूचा घरून कामावर जाण्याचा रस्ता मात्र एकच असतो. त्याचे तुकडे तो करीत नाहीं, वाहतूक चालविणारे करतात. संघानें ते तुकडे पुन्हां सांधले. भाड्याचे दर सर्वत्र एक झाले, वेळापत्रकें परस्परांशीं जुळविलीं गेलीं आणि एकदां घेतलेलें तिकीट सर्व वाहनांत चालूं लागलें.

यांत उतारूची सोय झाली हें उघडच आहे. पण त्या सोयीसाठीं प्रत्येक कंपनीला काय सोडावें लागलें, तें सहसा कोणी पाहत नाहीं. ‘हा माझा उतारू, म्हणून हा माझा पैसा’ असें म्हणण्याचा हक्क तिला सोडावा लागला. समाईक तिकिटावरून उतारू कोणाच्या गाडींत किती वेळ बसला हें कळत नाहीं. म्हणून सर्वांची मिळकत एकत्र करावी लागते आणि ती ठरीव प्रमाणानें वांटावी लागते. एकत्र कुटुंब ज्याप्रमाणें कमावत्या भावाच्या संयमावर टिकतें, त्याप्रमाणें असा संघही ज्याच्या गाड्या भरून चालतात त्याच्या संयमावर टिकतो. पुढें हॅम्बर्गच्या संघाचें स्वरूप आणखी पालटलें. आरंभीं तो वाहतूक चालविणाऱ्यांचा संघ होता. १९९६ पासून त्याची मालकी शहर, शेजारचीं राज्यें व जिल्हे यांच्याकडे आली. म्हणजे गाड्या कशा चालवाव्या हें पूर्वीं चालविणारे आपसांत ठरवीत; आतां ज्यांच्यासाठीं त्या चालतात त्यांचे प्रतिनिधि ठरवितात.

झुरिचनें हें दुसरें तत्त्व प्रारंभापासूनच पत्करलें. आणि पत्करलें तें लोकांना विचारून. १९७३ सालीं शहराखालून रेल्वे नेण्याची एक भव्य योजना मतदारांपुढें आली, तेव्हां त्यांनीं ती साफ नाकारली. १९८१ सालीं त्याच प्रांतांतील मतदारांनीं उपनगरी रेल्वेसाठीं ५२ कोटि ३० लक्ष फ्रँक खर्चण्यास संमति दिली. ६ मार्च १९८८ रोजीं वाहतुकीचा कायदा मतदानानें मान्य झाला, आणि २७ मे १९९० रोजीं नवी उपनगरी रेल्वे व नवा संघ यांचा कारभार बरोबरच सुरू झाला. ज्यांनीं एकदां ‘नाहीं’ म्हटलें, त्यांच्याच ‘होय’ला वजन असतें. हा क्रम पुढील विवेचनांत उपयोगी पडणार आहे, म्हणून तो येथें सांगून ठेविला.

या संघाची रचना थोडक्यांत अशी. संघ स्वतः एकही गाडी हांकीत नाहीं. राष्ट्रीय रेल्वे, शहराची ट्रामसंस्था, टपालखात्यांतून वाढलेली बससंस्था अशा आठ मुख्य संस्था आपापल्या भागाची जबाबदारी घेतात, आणि लहान संस्था त्यांच्या हाताखालीं काम करतात. भाड्याचा पैसा संघाकडे जमा होतो. संस्थांना ठरलेल्या कामाचा ठरलेला मोबदला मिळतो. वर नऊ सभासदांचें एक वाहतूकमंडळ आहे, आणि त्याच्याही वर प्रांताचें विधिमंडळ. हें विधिमंडळ धोरणाचीं तत्त्वें घालून देतें व दोन दोन वर्षांच्या खर्चाची मर्यादा ठरवितें. खालच्या बाजूला प्रांतांतील सुमारे १६० नगरें व गांवें आहेत. विभागवार परिषदांतून त्यांचे प्रतिनिधि एकत्र बसतात. नव्या वेळापत्रकाचा मसुदा आधीं जाहीर होतो, आणि ‘आमची सकाळची बस दहा मिनिटें आधीं सोडा’ अशी एखाद्या खेड्याची मागणीही तेथें रीतसर विचारांत घेतली जाते.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. भाड्यांतून खर्चाचा मोठा भाग भरून निघतो, पण सर्व निघत नाहीं. राहिलेल्या तुटीचा अर्धा भाग प्रांत सोसतो व अर्धा सर्व गांवें मिळून सोसतात. गांवांच्या वांट्याची आपसांतली विभागणी दोन कसोट्यांवर होते. तिचे चार पंचमांश प्रत्येक गांवाला किती वाहतूक मिळते यावर ठरतात, आणि एक पंचमांश त्या गांवाची कर देण्याची ऐपत किती यावर. या एका नियमांत न्यायाचीं दोन जुनीं तत्त्वें शेजारीं शेजारीं बसविलेलीं आहेत. एक म्हणतें, ज्याला लाभ त्यानें भार उचलावा. दुसरें म्हणतें, ज्याला बळ त्यानें भार उचलावा. तत्त्वज्ञ या दोहोंपैकीं एकाचा पक्ष घेऊन ग्रंथ लिहितात. येथें दोघांनाही एका खतावणींत जागा दिली आहे.

अशी तडजोड म्हणजे तत्त्वाला सोडचिठ्ठी, असें कोणी म्हणेल. पण एकेक तत्त्व एकटें सोडलें तर काय होतें तें पाहावें. सारा भार ऐपतीवर घातला, तर प्रत्येक गांव हवे तितके फेरे मागेल. कारण बस आपल्या दारीं येईल आणि बिल शेजाऱ्याकडे जाईल. दुसऱ्याच्या पैशांवर उदार होणें हें औदार्य नव्हे. उलट, सारा भार लाभावर घातला, तर गरीब गांव पैसे वांचविण्यासाठीं आपली बसच नको म्हणेल, आणि तो नकार त्या गांवांतल्या म्हातारीच्या व शाळकरी पोराच्या वतीनें, त्यांना न विचारतां, दिला जाईल. पहिलें तत्त्व माणसाला हिशेबी ठेवतें, दुसरें माणुसकी राखतें. त्यांचें प्रमाण चारास एक असेंच असावें, असें सिद्ध करतां येणार नाहीं. पण प्रमाण सिद्ध करतां येत नाहीं म्हणून दोहोंची गरजच नाहीं असें होत नाहीं.

त्याहूनही महत्त्वाचा मला दुसरा एक नियम वाटतो. रहिवासी, नोकरीच्या जागा व शिक्षणाच्या जागा मिळून ज्या सलग वस्तींत किमान ३०० ची संख्या भरते, तिला निदान एक थांबा मिळालाच पाहिजे, असें तेथील नियम सांगतो. आणि वस्तीला थांबा ‘आहे’ असें केव्हां म्हणावयाचें, याचेंही माप दिलें आहे: बसचा किंवा ट्रामचा थांबा ४०० मीटरांच्या आंत, रेल्वेचें स्थानक ७५० मीटरांच्या आंत. दयेला असलीं मापें नसतात. दया आज येते, उद्यां येत नाहीं. ती मागावी लागते, आणि मागतांना मान खालीं जाते. नियमानें मिळालेली बस कोणाच्या कृपेची नसते. रात्रीच्या त्या बसमधील दोघे उतारू कोणाचे आश्रित नाहींत. ते त्या संघाचे, त्या झोंपलेल्या मनुष्याइतकेच, भागीदार आहेत.

याला होणाऱ्या आक्षेपांत एक खरोखर बळकट आहे. ‘मी स्वतःच्या मोटारीनें फिरतों, मला तुमची ट्राम नको, बसही नको. मग मीं कां द्यावें?’ याला बहुधा असें उत्तर देतात कीं, इतर लोक ट्रामनें गेले म्हणून तुझा रस्ता मोकळा राहतो, तुझ्या आजारपणांत परिचारिका बसनेंच रुग्णालयांत पोंचते. तेव्हां तुलाही लाभ आहेच. हें उत्तर खरें आहे, पण मला अपुरें वाटतें. कारण उद्यां एखाद्यानें हिशेब करून दाखविलें कीं मला खरोखर काडीचा लाभ नाहीं, तर आपण त्याला सोडून देणार काय? ज्या कर्तव्याचें शेवटचें कारण लाभ हेंच असतें, तें कर्तव्य नसून व्यापार असतो. पुरें उत्तर असें आहे कीं, एका प्रांतांत एकत्र राहावयाचें ठरविल्यावर आपल्या शेजाऱ्याला घराबाहेर पडतां यावें, ही जबाबदारी सर्वांवर येते. मात्र ती किती, हें सर्वांसमक्ष ठरलें पाहिजे आणि त्यावर ‘नाहीं’ म्हणण्याची वेळ व जागा असली पाहिजे.

ही रेषा कोठें ओढावयाची, याची परीक्षा त्या प्रांतांत एकदां झाली. झुरिच सरोवरावरील बोटींतही संघाचें तिकीट चालतें. काटकसरीच्या एका मोहिमेंत असा विचार निघाला कीं, बोटींत लोक बहुतेक मौजेसाठीं बसतात. मौजेचा भार सर्वांनीं कां सोसावा? म्हणून डिसेंबर २०१६ पासून बोटींत ५ फ्रँक जादा घेऊं लागले. विचार तर्काला सोडून नव्हता. परंतु उतारू चांगलेच घटले, लोकांत नाराजी पसरली आणि दोन वर्षांनीं, डिसेंबर २०१८ मध्यें, तें जादा भाडें रद्द झालें. लोक पांच फ्रँकांसाठीं चिडले, एवढेंच यावरून काढावें असें मला वाटत नाहीं. जें सर्वांचें म्हणून एकदां मिळालें, त्यांत ‘हें गरजेचें, हें चैनीचें’ अशी छाननी सुरू झाली कीं ती कोठें थांबेल, ही शंका त्यामागें असली पाहिजे. आज बोट चैनीची. उद्यां आजीला भेटावयास जाणाऱ्या नातवाची रविवारची बसही चैनीचीच ठरेल. तरीही छाननीच नको असें म्हणतां येत नाहीं. पैसा शेवटीं मोजकाच असतो. छाननी चुकली असें दिसल्यावर ती मागें घेतां आली, हें त्या व्यवस्थेचें खरें बळ.

आपल्याकडे या विचाराला एक जुना दाखला आहे. गांवगाड्यांत कुणबी सुताराला, लोहाराला, न्हाव्याला दर कामामागें पैसे देत नसे. सुगीच्या वेळीं खळ्यावर वर्षाचें बलुतें घाली. ज्याचा नांगर वर्षांत एकदांच मोडला त्यानेंही घालावयाचें आणि ज्याचा चारदां मोडला त्यानेंही. कामाची मोजदाद न करतां सेवेची हमी विकत घेण्याची ही पद्धति आणि झुरिचचें समाईक तिकीट यांत दिसावयास बरेंच साम्य आहे. पण त्या साम्यानें फुशारून जाण्यापूर्वीं एक फरक ध्यानांत घ्यावा. बलुतेदार आपल्या कामाला जन्मानें बांधलेला होता. त्याला ‘नाहीं’ म्हणतां येत नव्हतें, आणि महारासारख्याला तर गांवाचीं सर्व कामें करूनही गांवच्या पाणवठ्यावर जातां येत नव्हतें. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यावयासही सत्याग्रह करावा लागला. भार सर्वांवर, पण पाणवठा कांहींचाच, अशी व्यवस्था समाईक दिसली तरी समाईक नसते. झुरिचचा नियम आपल्या बलुत्याहून श्रेष्ठ ठरतो तो अधिक चतुर आहे म्हणून नव्हे. भार देणाऱ्याला विचारलेलें आहे आणि थांबा कोणालाही बंद नाहीं, म्हणून.

मुंबईसारख्या शहरांत उपनगरी रेल्वे केंद्र सरकारच्या, बेस्टची बस महानगरपालिकेच्या आणि मेट्रो आणखी वेगळ्या संस्थांच्या हातीं आहे. तेथें एक तिकीट करावयाचें म्हटलें म्हणजे बहुधा यंत्रांचा व पत्त्यांचा विचार प्रथम होतो. यंत्रें करतां येतील. ‘हा माझा उतारू’ हा हक्क कोण सोडणार, आणि रिकाम्या बाकाचें भाडें कोणत्या प्रमाणानें वांटून घेणार, हें मात्र कोणतेंही यंत्र ठरवून देणार नाहीं. तें माणसांनाच एका टेबलाभोंवतीं बसून ठरवावें लागेल.

शेवटीं त्या झोंपलेल्या मनुष्याकडे परत येऊं. त्याच्याकडून पैसे घेतले हें खरें. पण किती घेतले, कोणत्या मापानें घेतले आणि कशासाठीं घेतले हें त्याला विचारल्यास कळूं शकतें. त्याला तें पटलें नाहीं तर पुढच्या मतदानांत तो तसें सांगूं शकतो, आणि त्याच्यासारखे पुष्कळ निघाले तर ती बस बंदही होऊं शकते. ती बंद होऊं शकते आणि तरी चालू आहे, एवढ्याचसाठीं मला तें भाडें न्याय्य वाटतें.