झटपट गुण आला तर

लोकलच्या डब्यात, एसटी स्टँडच्या मुतारीत आणि आता मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघताना मध्येच टपकणारी ती जाहिरात: ‘मर्दानी ताकद, पहिल्याच डोसात फरक’. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणं हा १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने गुन्हा आहे. सत्तर वर्षं उलटली, भिंती रंगतातच आहेत. डाळीत खडे निघाले तर माणूस दुकानदाराशी भांडायला जातो. या औषधाच्या डबीने काहीच झालं नाही, तर ती कपाटात कपड्यांमागे सरकवतो आणि गप्प बसतो. धंदा त्या गप्प बसण्यावर चालतो.

डबीवर हमखास नाव असतं सफेद मुसळीचं. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिएनम, आपल्या बोरिवलीवरून पडलेलं. (ती जाहिरात वाचत वाचत बोरिवलीला उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?) मुसळीवर प्रयोग झाले, पण बरेचसे उंदरांवर. पुरेशा पुरुषांना घेऊन, निम्म्यांना खोटी गोळी देऊन केलेल्या मोठ्या चाचण्यांचं पाठबळ तिला नाही. जिनसेंग या दुसऱ्या मुळीचं नशीब जरा बरं: त्याच्या ९ चाचण्या, ५८७ पुरुष, असा आढावा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२१ मध्ये घेतला. निघालेला परिणाम नगण्य म्हणावा इतकाच. परंपरेचा हवाला देणाऱ्यांना सांगायला हवं, की चरकाच्या वाजीकरणात, म्हणजे कामशक्तीच्या उपचारांत, शरीरशुद्धी आधी येते आणि अपत्यप्राप्तीला मोठं स्थान आहे. रोगी न पाहता कुरिअरने धाडलेली डबी त्यात बसत नाही. आकार वाढवणारी गोळी तर कोणत्याच पॅथीकडे नाही.

मग ‘मला गुण आला’ म्हणणारे थापा मारतात का? मुळीच नाही. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, १९९८ साली बाजारात आली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचे संभोगाचे ६९ टक्के प्रयत्न यशस्वी झाले. खोटी गोळी घेणाऱ्यांचे २२ टक्के! भीती हीच जिथे अर्धी व्याधी असते, तिथे गोळी घेतल्याचा धीरही कामाला येतो. मुसळीच्या डबीला मिळणारी शाबासकी बरीचशी या २२ टक्क्यांतली असावी, असा माझा कयास आहे.

पण खरोखरच तासाभरात फरक पडला, तर मात्र सावध व्हा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात ७७६ भेसळयुक्त ‘पूरक आहार’ पकडले. त्यांतले ३५३ याच कामाचे होते, आणि त्यांत सर्वाधिक सापडलं ते सिल्डेनाफिल. लेबलवर जडीबुटी, आत तीच परदेशी गोळी, किती मिलिग्रॅम ते कोणालाच माहीत नाही. म्हणजे गुण देणारी डबी मुळात फसवी असण्याची शक्यता जास्त. छातीत दुखलं की हृदयरोगी जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवतात. त्यावर हे छुपं सिल्डेनाफिल पडलं तर रक्तदाब असा कोसळतो, की माणूस हातचा जाऊ शकतो.

आणखी एक नुकसान आहे, ते दिसत नाही. लिंगाच्या रोहिण्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. मधुमेहाने, तंबाखूने, रक्तदाबाने नळ्या खराब होऊ लागल्या, की आधी बारीक नळी तुंबते. त्यामुळे ताठरता कमी होणं ही कित्येकदा हृदयविकाराची दोन-चार वर्षं आधी आलेली वर्दी असते. त्या वेळी साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासायचा, तर हा गडी डबी मागवून वाट बघत बसतो. तपासलेलं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर गल्लीतल्या केमिस्टकडे मिळतं, बऱ्याचदा त्या डबीहून स्वस्त.

तरीही कोणी डबी घेतलीच असेल, तर एवढं करा. छातीत दुखून दवाखान्यात जावं लागलं, तर सॉर्बिट्रेट देण्याआधी डॉक्टरांना तिच्याबद्दल सांगा. बायको आणि मुलगा शेजारी उभे असले तरी सांगा.