तेलाची बचत हा नीतीचा प्रश्न आहे काय?

टंचाई आली की काटकसर आठवते आणि टंचाई सरली की ती विसरते. तेव्हा पेट्रोलची बचत ही केवळ खिशाची बाब आहे, की तिच्यात नीतीचाही काही अंश आहे? रावपुऱ्यात राहणाऱ्या आम्हांस हा प्रश्न टाळता येत नाही. कारण बडोद्यातील पुष्कळ घरांची चूल तेलाच्या धंद्यावर पेटते.

१९६३ साली पंडित नेहरूंनी कोयली येथील तेलशुद्धीकरण कारखान्याचा पाया घातला. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभा राहिलेला हा कारखाना १९६५ साली सुरू झाला. आपल्या भूमीतील तेल आपणच शुद्ध करणार, हा त्या वेळी अभिमानाचा विषय होता. पुढे गरज इतकी वाढली की आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक परदेशांतून येते. १९७३-७४ मध्ये तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला. १९९० साली कुवेतवर आक्रमण झाले, भाव पुन्हा भडकले, आणि १९९१ साली देशाला सोने गहाण ठेवावे लागले. त्याची कारणे अनेक असली तरी तेल हे त्यांतील एक होते. जो दुसऱ्याच्या विहिरीवर जगतो त्याला मान खाली घालावीच लागते.

पण खरा नैतिक प्रश्न याहून जवळचा आहे. “आम्ही दाम मोजतो, मग आम्हांस विचारणारे तुम्ही कोण?” असे कोणी म्हणेल. दाम पंपावर पोहोचतो; परंतु अरुंद रस्त्याच्या कडेला दिवसभर पथारी मांडून बसणाऱ्या बाईच्या छातीत जो धूर जातो त्याचे दाम तिला कोण देतो? तेल जाळणारा एक आणि खोकणारा दुसरा, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.

विजेवरची गाडी घेतली म्हणजे आपण सुटलो काय? देशातील बहुतेक वीज अजून कोळशापासून होते. रावपुऱ्यातील धूर वणाकबोरीच्या धुराड्यातून निघाला, तर दिसत नाही म्हणून तेथील माणूस आपला शेजारी नाही असे होत नाही. तथापि विजेची मोटर तेवढ्याच शक्तीत अधिक पल्ला गाठते, आणि लाखो गाड्यांचा धूर आवरण्यापेक्षा वीज सूर्यापासून मिळवणे सोपे आहे. म्हणून हा मार्ग योग्य. पण तो पहिला नव्हे. आधी पाय, मग सायकल, मग बस व आगगाडी, आणि शेवटी स्वतःचे वाहन, असा क्रम असावा.

कोयलीच्या कामगाराचे काय? त्याची भाकरी हिरावून हवा शुद्ध करणे हाही अन्यायच. आपल्या बडोदे संस्थानात १८६२ साली डभोई-मियागाम गाडी सुरू झाली ती बैल ओढत. इंजिन नियमित वापरात आले ते १८७३ साली. बदल सावकाश होतो. त्या अवधीत कामगाराला नवे काम शिकवणे, हे ज्यांना त्या बदलाचा लाभ होणार त्यांचे कर्तव्य आहे.

वृद्ध, आजारी व अपंग यांना वाहन हवेच. उरलेल्यांनी निदान रविवारच्या उपासनेला येताना एक पाहावे: एकाच गल्लीतून तीन गाड्या निघतात काय? दोन कमी झाल्या तर देशाचे ऋण फिटणार नाही; पण शेजाऱ्याचे थोडे फिटेल. ते आपल्या हाती आहे.