शस्त्र विकणाऱ्याचे दायित्व

आमच्या कोपरगावात गोदावरीकाठी रघुनाथराव पेशव्यांचा वाडा आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर राघोबादादा येथे येऊन राहिले आणि १७८३ मध्ये निवर्तले. वाडा पाहावयास येणाऱ्यांना अटकेपारचा झेंडा आठवतो. आम्हांस मात्र ६ मार्च १७७५ चा सुरतेचा तह आठवतो. पेशवेपदाच्या लोभाने दादांनी इंग्रजांकडून अडीच हजार सैनिक मागितले आणि त्याच्या मोबदल्यात साष्टी व वसई देऊ केली. ज्या भूमीत आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांची घरे आहेत, ती अशी परक्या बंदुकांची किंमत म्हणून मोजली गेली! शस्त्रांसाठी जो दुसऱ्याच्या दारी उभा राहतो, त्याचे स्वातंत्र्य उंबरठ्यावरच निम्मे संपते. म्हणून शस्त्रांच्या प्रश्नात कोणी राष्ट्राच्या सार्वभौमत्वाची गोष्ट काढली, तर तिला हसण्याचा अधिकार निदान आम्हां कोपरगावकरांना तरी नाही.

२ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शस्त्रव्यापार करार संमत केला. बाजूने १५४ मते, विरोधात ३. तटस्थ राहिलेल्या २३ देशांत भारत होता. भारत त्या काळी जगातील सर्वांत मोठा शस्त्रग्राहक होता. त्याचे म्हणणे असे की, उद्या विकणाऱ्या देशाने या कराराचे निमित्त करून ठरलेला पुरवठा मध्येच तोडला तर घेणाऱ्याने काय करावे? शिवाय दहशतवाद्यांच्या हाती जाणाऱ्या शस्त्रांविषयी करार दुबळा आहे. हा आक्षेप पोकळ नव्हता. १९९३ साली रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडी येथे स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी रायफली समुद्रमार्गेच आल्या. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर रायफलीची नळी हातांनी धरून प्राण दिले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

तथापि येथेच विचार थांबवणे आम्हांस पटत नाही. शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा प्रश्न आपण घरात एकदा सोडवला आहे. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले, त्याचा सल इतका खोल होता की १९३१ च्या कराची काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये हरी विष्णू कामत यांनी संविधान सभेत तीच मागणी मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला व ती नामंजूर झाली. पुढे १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्याचा आशय साधा आहे. बंदूक हवी तर परवाना घ्या. आणि परवाना देणाऱ्याने मागणाऱ्याचा पूर्वेतिहास तपासावा.

कोणी म्हणेल, घरची गोष्ट निराळी. नागरिकाने बंदूक सोडली कारण त्याच्या पाठीशी पोलीस चौकी व न्यायालय आहे. राष्ट्रांना कोणती चौकी? सुरक्षा परिषदेचे पाच कायम सदस्य स्वतःच मोठे शस्त्रोत्पादक! हे खरेच आहे. म्हणूनच १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने शस्त्रस्पर्धेचा कठोर निषेध केला, तरी शांततेचे सारे उपाय खुंटल्यावर राष्ट्राचा स्वसंरक्षणाचा हक्क नाकारला नाही. परंतु हा करार कोणाला शस्त्र टाका असे सांगतच नाही. तो विकणाऱ्याला एवढेच विचारतो की, ज्याच्या हाती देतोस तो या शस्त्राने वंशसंहार वा युद्धगुन्हे करील हे तुला ठाऊक आहे काय? नगरच्या बंदूक विक्रेत्याला आपण जे विचारतो, त्याहून हे फार निराळे नाही.

आणि आता आपणही विक्रेते झालो आहोत. २०१३-१४ मध्ये भारताची संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती. २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. तटस्थ राहताना आपण ग्राहकाच्या ओट्यावर उभे होतो, आता गल्ल्यामागे बसलो आहोत. ग्राहक म्हणून केलेला युक्तिवाद गल्ल्यावर बसून तसाच म्हणता येतो काय? निर्यातीस परवानगी देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. २०१७ साली भारत वासेनार व्यवस्थेतही सामील झाला. परंतु गाझाच्या युद्धात इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा ९ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने परराष्ट्र धोरण हा आपला प्रांत नसल्याचे सांगून ती फेटाळली. न्यायालयाचे म्हणणे आम्हांस अयोग्य वाटत नाही. मात्र त्यामुळे प्रश्न सरकारकडे, म्हणजे अखेर मतदारांकडे परत आला.

‘आपण नाही विकले तर दुसरा विकेल’ हे उत्तर दारूच्या गुत्तेवाल्याकडून आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. त्याचा विचार करण्यात वेळ दवडत नाही. मजुरीचा प्रश्न मात्र गंभीर आहे. खडकी, अंबरनाथ, वरणगाव येथील आयुध कारखान्यांवर हजारो कुटुंबांच्या चुली पेटल्या, आणि ती भाकर प्रामाणिक आहे. लेथवर उभ्या असलेल्या कामगारावर हा भार आम्ही टाकू इच्छीत नाही. तो निर्यातीच्या कागदावर सही करणाऱ्याचा आहे. निर्यातीचा एकूण आकडा दरवर्षी अभिमानाने जाहीर होतो. कोणाला काय दिले आणि देण्यापूर्वी काय तपासले, याची यादी लोकांपुढे येत नाही. आपल्या भागाचे खासदार मते मागावयास येतात, तेव्हा रस्ता आणि पाणी यांबरोबर ही यादीही त्यांच्याकडे मागता येईल.