दोन पेट्या

सुरतेत गोपीपुऱ्यातल्या एका जुन्या जव्हेरी घरात परवा दोन दागिन्यांच्या पेट्या शेजारी शेजारी पाहिल्या. आज सकाळी पूजेची चांदीची डबी पुसताना पुन्हा त्याच डोळ्यांपुढे आल्या.

एक फ्रेंच. घरातल्या थोरल्या बाई म्हणजे बा; त्यांच्या आजेसासऱ्यांनी पॅरिसहून आणलेली. मोत्यांच्या धंद्यापायी सुरतच्या जव्हेऱ्यांचं तिकडे जाणं-येणं असे. पेटी जेमतेम वीतभर, पण ब्राँझची, त्यामुळे उचलायला दोन्ही हात लागतात. पायांना सिंहाचे पंजे, झाकणावर दबा धरून बसलेला वाघ, कुलपाच्या भोकाशी पाल. पालीच्या पाठीवरचा काळपट रंग पोराबाळांच्या बोटांनी घासून गेलाय, खालचा तांबूस धातू चमकतो.

जनावरं ओतण्यात एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंचांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांतला आंत्वान-लुई बारी तर असा, की १८३१ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने सुसर फाडणारा वाघ मांडला, आणि ती सुसर गंगेतली! गंगा त्याने कधी पाहिली नव्हती. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यासमोर बसून तो रेखाटनं करी, जनावर मेलं की त्याची मापं घेई.

दुसरी पेटी सुरतचीच, साडेलीची. तिच्यावर एकही प्राणी नाही. नुसत्या चांदण्या, षटकोन, चौकटी. निरनिराळ्या रंगांच्या बारीक काड्या सरसाने चिकटवून जुडी बांधायची आणि आडवी कापायची. अळूवडीचा उंडा कापल्यावर चकतीत जशी नक्षी उमटते, तसाच प्रकार. मग त्या पातळ चकत्या लाकडावर बसवायच्या. या कामात पारशी कारागिरांचा हात मोठा. पेटीगरा हे आडनाव त्या धंद्याचंच.

काड्या कसल्या, ते मी विचारलं. बांनी बोट ठेवत ठेवत सांगितलं. हे आबनूस. हे चंदन. हे शिंग. हे हिरवं दिसतंय ते रंगवलेलं हाड. आणि हा हस्तिदंत. तो बहुतेक आफ्रिकेतून गलबतांनी यायचा. सरसही जनावराच्या कातड्या-हाडांचाच, हे माझं मलाच आठवलं.

मुंगी दिसली तर पाऊल मागे घेणारं ते घर. बा जरा थांबून म्हणाल्या, "लग्नात मिळाली. तेव्हा कोण विचारत होतं?"

मला वाटत होतं की रानटी पेटी म्हणजे ती वाघाची. खरं तर तिच्यात तांबं आणि कथील यांपलीकडे फारसं काही नाही. वाघ, पाल, सिंह, सगळे नुसते दाखवण्यापुरते. ज्या पेटीवर प्राण्याचं नाव नाही, तिच्यातच ते भरलेले. १९९१ नंतर आपल्याकडे आफ्रिकेच्या हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. आता साडेलीत त्या जागी प्लॅस्टिक बसवतात.

बांनी झाकण उघडलं. चंदनाचा वास अजून होता. आत चार बांगड्या आणि एक औषधाची चिठ्ठी. झाकण मिटल्यावर मी एका पांढऱ्या चांदणीजवळ डोळा नेला. एक पाकळी गुळगुळीत, दुसरीवर सुईने टोचल्यासारखे काळे ठिपके. हाड असलं की असे ठिपके दिसतात. जिवंतपणी त्यांतून रक्त वाहत असतं.