आठवणीतलं पार्लं आणि परक्यांचं तर्पण

विलेपार्ले पूर्वेचा ‘पार्ले’ कंपनीचा बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला, तेव्हा जुन्या पार्लेकरांनी हळहळ व्यक्त केली ती मुख्यतः एका वासाबद्दल. १९२९ साली सुरू झालेल्या या कंपनीने १९३९पासून बिस्किटं बनवायला घेतली. तेव्हापासून स्टेशनाच्या आसपास भाजलेल्या पिठाचा आणि साखरेचा वास दरवळत असे. डोळे मिटून लोकलमध्ये बसलेल्या माणसालाही पार्लं आल्याचं त्या वासावरून कळे. तो वास घेत शाळेत गेलेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे. कोणी पुण्यात, कोणी डोंबिवलीत, कोणी न्यूजर्सीत. चार पार्लेकर एकत्र आले की विषय तिथेच वळतो.

या ओढीकडे धर्माच्या आणि तत्त्वज्ञानाच्या नजरेने पाहिलं तर काय दिसतं? कीर्तनात, प्रवचनात लहानपणापासून ऐकलेलं उत्तर ठरलेलं आहे: घर-अंगणात मन गुंतणं ही आसक्ती आणि आसक्ती म्हणजे बंधन. पण पाडल्या गेलेल्या इमारतीत अडकलेल्या मनाला ते उत्तर पुरत नाही. जे उरलंच नाही, त्याची आसक्ती कशी असेल?

आधी त्या आठवणींत काय आहे ते नीट पाहायला हवं. पार्ले टिळक विद्यालय १९२१चं, लोकमान्य सेवा संघ १९२३चा, १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने उभी राहिलेली विलेपार्ल्याची छावणी त्यानंतरची. म्हणजे या उपनगराला सार्वजनिक जीवनाचं वळण फार लवकर लागलं होतं. साठ-सत्तरच्या दशकांत वाढलेल्या मुलांच्या वाट्याला आल्या त्या दोन-तीन मजली इमारती, मागची विहीर, नारळ आणि बदामाची झाडं, उन्हाळ्यात पापड-कुरडयांनी भरलेली गच्ची. पहाटे आरेच्या दूधकेंद्रापाशी काचेच्या बाटल्यांची रांग, रेशनच्या दुकानात रॉकेलची रांग. टेलिफोन इमारतीत एखाद्याच घरी, बाकीच्यांनी नातेवाइकांना द्यायचा तो त्यांचा ‘पीपी नंबर’. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि ज्यांच्याकडे टीव्ही आला, त्यांच्या बाहेरच्या खोलीत शनिवार-रविवारी संध्याकाळी सतरंजी अंथरली जाऊ लागली. २५ जानेवारी १९८७पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ दिसू लागलं, तेव्हा रस्ते ओस पडत. काही घरांत तर टीव्हीलाच हार घालून उदबत्ती लावत.

यातला बराचसा शेजारधर्म टंचाईतून आला होता, हे मान्य करायला हवं. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. पाणी ठरावीक वेळी येई, टीव्ही परवडत नसे. गरज होती म्हणून दार उघडं राहिलं. पण गरजेतून उगवली म्हणून माया खोटी ठरत नाही. सदावर्तं आणि पाणपोयाही भूक-तहान पाहूनच निघाल्या, त्यांचं पुण्य त्याने कमी झालं नाही.

स्मृतीचा प्रश्न भारतीय दर्शनांनी फार बारकाईने हाताळला आहे. पतंजलींनी चित्ताच्या ज्या पाच वृत्ती सांगितल्या, त्यांत स्मृती एक. तीही शेवटी शांतच करायची आहे. नैयायिक तर स्मृतीला प्रमा, म्हणजे प्रमाण ज्ञानच, मानत नाहीत, कारण ती नवं काही कळवत नाही, जुन्या संस्कारातून वर येते इतकंच. गीतेत मात्र दोन टोकं भेटतात. दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून सुरू झालेली घसरण स्मृती भ्रष्ट होण्यावरून बुद्धिनाशापर्यंत पोचते आणि अठराव्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुन सांगतो की मोह गेला, स्मृती परत मिळाली. गीतेच्या दृष्टीने मोह आणि स्मृती एका बाजूला उभे नाहीत. मोह येतो तेव्हा स्मृती जाते, स्मृती आली की मोह सरतो. जुन्या दिवसांची आठवण काढणाऱ्याला सरसकट मोहात पडलेला म्हणण्याआधी या दोन जागा एकत्र वाचायला हव्यात.

याहून खोल वाद शंकराचार्य आणि बौद्ध यांच्यात झाला. सगळंच क्षणिक असेल तर आठवतं कोणाला? ज्याने अनुभवलं त्यालाच आठवू शकतं, दुसऱ्याचा अनुभव तिसऱ्याला आठवत नाही, असं ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरच्या भाष्यात आचार्यांचं म्हणणं आहे. बौद्ध परंपरेचं उत्तरही तितकंच भक्कम आहे. ‘मिलिंदपन्हा’त भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? ती तीच नाही, पण वेगळीही म्हणता येत नाही. आज पार्ल्यात उतरणाऱ्या सत्तरीच्या माणसापुढे हा वाद प्रत्यक्ष उभा राहतो. स्टेशनाचं नाव तेच, शाळा तिथेच, पण राहत्या इमारतीच्या जागी कितीतरी मजल्यांचा टॉवर. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी सरकारने २००९मध्ये कार्यपद्धती ठरवून दिली आणि त्यानंतर उपनगरांतल्या गल्ल्याच्या गल्ल्या बदलल्या. गल्ली पाहताना नागसेन पटतो. स्वतःकडे पाहताना, ‘बदामाच्या झाडावर चढणारा तो मीच’ असं म्हणताना, आचार्य पटतात. दोघांपैकी एकाला निवडण्याची घाई करू नये. जागा क्षणिक आणि आठवणारा टिकून, या ताणातच ती हुरहुर जन्माला येते.

नैयायिकांच्या एका भेदाकडे मात्र इथे लक्ष द्यावंच लागतं. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त स्मृतीचेही यथार्थ आणि अयथार्थ असे दोन प्रकार केले आहेत. खऱ्या अनुभवातून आलेली ती यथार्थ, चुकीच्या अनुभवातून आलेली ती अयथार्थ. दोष आठवण्यात नसतो, मुळात पाहण्यात असतो. उपनगरातल्या बालपणाचा खरा प्रश्न इथे आहे. मुलाने जे पाहिलं ते प्रेमाने पाहिलं, पण पुरतं पाहिलं का?

‘सगळ्यांची दारं उघडी असायची’ हे वाक्य घ्या. कोणासाठी उघडी? मुंबईत आणि उपनगरांत वसाहती उभ्या राहिल्या त्या पुष्कळदा जातीच्या आणि समाजाच्या आधाराने. दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, सांताक्रूझची सारस्वत कॉलनी, ठाण्याच्या नौपाड्यातली ब्राह्मण सोसायटी, ही नावं आजही पत्त्यांत आहेत. परक्या शहरात आलेल्या माणसाने आपली माणसं शोधावीत यात क्रूरपणा नव्हता. पण त्या आपलेपणाला कुंपण होतं. कुंपणाबाहेर असण्याचा अर्थ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवला आहे. १९१७मध्ये परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीसाठी गेले, तर त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी म्हणून एका पथिकाश्रमात राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्रानेही घरात घेतलं नाही. हे जुनं झालं असं म्हणावं, तर अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला तो २००५ साली.

शिवाय पार्ल्याची कहाणी १९२१पासून सुरू होत नाही. आधी तिथे गावठाण होतं, मराठी बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती होते, शेतं आणि वाड्या होत्या. ज्या गच्चीवर पापड वाळले, तिच्याखालच्या जमिनीची आठवण दुसऱ्याच कोणाकडे आहे. त्याच इमारतीत भांडी घासायला येणाऱ्या बाई, मागच्या गल्लीतून येऊन संडास साफ करणारा माणूस, रॉकेलची गाडी ओढणारा, यांतल्या कितीजणांची पूर्ण नावं त्या मुलांना ठाऊक होती? त्यांच्यासाठी वेगळा कप ठेवलेला असे, हे मात्र अनेकांना स्पष्ट आठवतं.

म्हणून आठवणींवर काट मारावी, असं मुळीच नाही. स्मरणाची सर्वांत जुनी शिस्त आपल्या घरांतच आहे. पितृपक्षात पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावं घेतली जातात. पण तर्पण तिथे थांबत नाही. ज्यांना आई नाही, बाप नाही, बंधू नाही, पाणी द्यायला गोत्रातलं कोणी नाही, त्यांच्यासाठीही ओंजळ सोडायची असते. घाईघाईने उरकलेल्या विधीत हा भाग अनेकदा निसटतो, आणि तोच या परंपरेतला सर्वांत उदार भाग आहे. आपल्या माणसांचं स्मरण परक्यांना घेतल्याशिवाय पुरं होत नाही, असं तो विधी सांगतो. ज्या समाजाने कुंपणं घातली, त्याच समाजाच्या हाती हे पाणीही होतं.

इमारत पाडण्यापूर्वी हल्ली अनेक सोसायट्या शेवटचा सत्यनारायण घालतात, गच्चीवर एकत्र जेवतात, स्मरणिका काढतात. तिच्यात सभासदांची कुटुंबवार यादी असते, दहावी-बारावीतले गुणवंत असतात, गणेशोत्सवातल्या नाटकांचे फोटो असतात. त्यांच्या शेजारी वीस-वीस वर्षं जिने झाडणाऱ्याचं, धुणं-भांडी करणाऱ्या बायकांचं, गावठाणातल्या ज्या घराण्याची वाडी विकत घेतली त्या घराण्याचं नाव छापायला एक पान पुरेल. ती नावं माहीत असलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. बहुतेक इमारतींत त्यांतले एक-दोनजण अजून राहतात आणि विचारायला गेलं तर तासन्‌तास सांगतात.