बिघडण्याची जबाबदारी

आमच्या धंतोलीतल्या घरी बाबांचा एक अँप्लिफायर होता. सुरू केला की तीन-चार सेकंद काहीच व्हायचं नाही. मग आतून 'टक्' असा आवाज यायचा आणि त्यानंतर गाणं. लहानपणी मला वाटायचं, तो गाण्याआधी घसा खाकरतो.

2016च्या मे महिन्यात तो नको तेव्हा खाकरायला लागला. अर्धा तास वाजला की टक्, शांत. दोन मिनिटांनी पुन्हा टक्, पुन्हा गाणं. बाहेर नागपूरचा उन्हाळा, आत कूलरची घरघर, आणि बाबांचं गाणं दर वेळी ऐन समेच्या तोंडावर तुटणार. "काहून बंद पडून राहिलं रे हे? तू इंजिनिअर होऊन राहिला न?"

मी सेकंड इयरला होतो. अँप्लिफायर उघडला. तो 'टक्' रिलेचा असतो, एवढं मला कळलं होतं. रिले म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यामधलं दार. जुन्या रिलेचे काँटॅक्ट काळे पडतात आणि आवाज तुटतो, हा दोष खरंच नेहमीचा आहे. सीताबर्डीत दोन-तीन दुकानं फिरलो, तसा रिले मिळाला नाही. घरी येऊन मी काँटॅक्टच्या दोन टोकांवर तांब्याच्या तारेचा तुकडा सोल्डर करून टाकला. 'टक्' आवाज त्यानंतरही यायचा, फक्त त्याला आता काही ठरवता येत नव्हतं.

महिनाभर अँप्लिफायर सुंदर वाजला. बाबांनी शेजाऱ्यांनाही सांगितलं, पोरानं दुरुस्त केला म्हणून. मग जूनमधल्या एका संध्याकाळी डाव्या स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा आवाज आला, वूफरचा कोन एका बाजूला ढकलला गेला आणि तिथेच अडकून राहिला. खोलीत जळक्या वार्निशचा वास. बाबांनी धावत जाऊन प्लग काढला. ते स्पीकर त्यांनी लग्नाआधी, पहिल्या एरिअर्सच्या पैशांतून घेतले होते.

"अँप्लिफायर जुना झाला होता बाबा," मी म्हणालो.

काय झालं होतं ते आता सांगू शकतो. अशा अँप्लिफायरमध्ये अधिक 35 आणि उणे 35 व्होल्ट असे दोन पुरवठे असतात. आउटपुट ट्रान्झिस्टर त्या दोघांच्या मधे, संगीताच्या तालावर, व्होल्टेज वरखाली करत असतात. स्पीकरला हवी असते ती ही वरखाली. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की वरखाली संपते आणि अख्खे 35 व्होल्ट सरळ स्पीकरवर येऊन बसतात. व्हॉइस कॉइलचा रोध साधारण 6 ओहम धरला तर जवळपास 200 वॅट. एरवी घरात ऐकताना सरासरी एक-दोन वॅट पुरतात. शिवाय कॉइल हलत नाही, म्हणजे तिला हवाही लागत नाही. सगळी वीज उष्णता होते. ट्वीटर वाचतो, कारण त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो डीसी अडवतो. फ्यूज काय करत होता? 6.3 अँपिअरचा फ्यूज होता, त्यातून पावणेसहा अँपिअर जात होते. त्याच्या दृष्टीनं सगळं आलबेल होतं.

हे नेहमीच असं नव्हतं. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये मधे ट्रान्सफॉर्मर असायचा, तो डीसी पुढे जाऊच द्यायचा नाही. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरमध्ये मधे मोठा कपॅसिटर असायचा. पुढे आवाज अधिक स्वच्छ यावा, खालचा बेस कापला जाऊ नये, म्हणून मधला अडसर काढला आणि थेट जोडणी केली. मग त्या थेटपणाची भीती वाटली म्हणून रिले बसवला. तो आउटपुटवरच्या डीसीवर लक्ष ठेवतो आणि गडबड दिसली की दार लावतो. आमचा रिले मे महिनाभर हेच करत होता. ट्रान्झिस्टर गरम झाला की गळायला लागायचा, आणि रिले ते सांगत होता. मी सांगणाऱ्यालाच बिघाड समजलो.

नोकरीला लागल्यावर थेरॅक-25 बद्दल वाचलं तेव्हा मला तो वास पुन्हा आला. कॅन्सरवर किरणोपचार करणारं कॅनडात बनलेलं यंत्र. 1985 ते 1987 दरम्यान त्यानं किमान सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली, त्यातले काही दगावले. आधीच्या थेरॅक-20 मध्ये चुकीची मात्रा अडवणारी स्वतंत्र हार्डवेअर व्यवस्था होती. नव्या यंत्रात ती काढली, भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली. नंतर कळलं की सॉफ्टवेअरमधली तशीच चूक जुन्या यंत्रातही होती. तिथे फक्त फ्यूज उडायचे. लोक वैतागून फ्यूज बदलायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांत किती हॉस्पिटलं आहेत, हे धंतोलीत राहणाऱ्याला सांगायला नको.

आपण नीतीचा विचार करतो तो बहुतेक वेळा नीट चालत असतानाच्या वागण्याचा. मी काम कसं करतो, खरं बोलतो का, वगैरे. पण मी बिघडेन तेव्हा माझ्यापुढे जोडलेल्याचं काय होईल, ही जबाबदारी कुणाची? स्पीकरला नाही म्हणता येत नाही. जे येईल ते अंगावर घेणं हीच त्याची रचना आहे. काही अँप्लिफायरमध्ये 'क्रोबार' नावाचं सर्किट असतं. आउटपुटवर डीसी दिसला की ते आउटपुट सरळ ग्राउंडला जोडून टाकतं. अँप्लिफायरचे फ्यूज उडतात, ट्रान्झिस्टर जातात, स्पीकर राहतो. माणसाकडून एवढी अपेक्षा करावी का, मला माहीत नाही. थकलेल्या माणसानं आपलं ओझं पुढच्यावर न टाकता स्वतःच जळून जावं, हे ऐकायला उदात्त वाटतं आणि बहुतेक वेळा आयांनाच करावं लागतं. रिलेचा मार्ग मला जास्त माणुसकीचा वाटतो: माझं ठीक नाही, थोडा वेळ जोडणी तोडतो.

माझ्या बाजूनं एक युक्तिवाद आहे, तोही मांडतो. माझा अंदाज चुकला, पण मूर्खपणाचा नव्हता. ट्रान्झिस्टर टिकला असता तर मी आजही घरचा हुशार पोरगाच असतो. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी 1976 मध्ये याला 'मॉरल लक' म्हटलं: कृती तीच, दोष मात्र नशीब ठरवतं. मला या युक्तिवादात लपायला बरेच दिवस आवडलं. पण मल्टिमीटर टेबलावरच होता. आउटपुटवरचा डीसी मोजायला अर्धं मिनिट लागतं, ठीक असेल तर काही मिलिव्होल्ट दिसतात. मी मोजलं नाही, कारण मोजलं असतं तर काम वाढलं असतं. हे जूनच्या आधीच खरं होतं. त्यात नशीब कुठे आलं?

गेल्या वर्षी ऑफिसात एका सर्व्हिसचे एरर अलर्ट रात्रभर वाजत होते. टीममध्ये कुणीतरी म्हणालं, सध्या म्यूट करू. मी 'थांब, आधी बघू' म्हणालो. पहाटे तीनपर्यंत बघितलं. अलर्ट खोटेच निघाले. सगळे माझ्यावर वैतागले, आणि बरोबरच होतं त्यांचं.

या मे महिन्यात घरी गेलो तेव्हा बाबांना तारेचं सांगितलं. ते जेवत होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

तेव्हा मी जे सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. अँप्लिफायर जुना होताच. त्या खऱ्या वाक्यानं मला नऊ वर्षं पुरवलं.

बाबांनी ताट उचललं. "त्या डाव्याचा नवीन वूफर मला कधी आवडलाच नाही," ते म्हणाले. "उद्या बर्डीवर जाऊ. मीटर घेऊन घे सोबत."