पक्षी आणि आठवी आज्ञा



सागाची पाने गळाली की किनवट-माहूरच्या जंगलात पक्षी पाहणे सोपे होते. पाचोळ्यात पाऊल वाजते, म्हणून थांबत थांबत चालावे लागते एवढेच. कोतवाल, सातभाई, नीलकंठ चटकन ओळखू येतात. अडचण असते ती फांदीआड क्षणभर दिसून उडून गेलेल्या पक्ष्याची. वहीत काय लिहायचे? आपल्याला हवा होता तो पक्षी लिहून टाकला, तर कोणाचे काय बिघडले? विचारायला तेथे कोणीच नसते.

प्रश्न पोरकट वाटेल, पण तो आठव्या आज्ञेचा, म्हणजे खोट्या साक्षीचा प्रश्न आहे. (आपले बरेच प्रोटेस्टंट बांधव तिला नववी आज्ञा म्हणतात, मोजणी वेगळी, आज्ञा एकच.) ज्या खोट्याने कोणाचे नुकसान होत नाही, ते पाप आहे काय? संत थॉमस अक्वायनस यांनी खोट्याचे तीन प्रकार सांगितले: गमतीचे, कोणाच्या तरी उपयोगासाठी बोललेले आणि अपाय करणारे. पहिल्या दोहोंना त्यांनी हलके ठरवले, पण पापातून मात्र वगळले नाही. इतके कडक का, असे आपल्याला वाटते. याचे उत्तर एका घुबडाच्या गोष्टीत सापडते.

आपल्या गावातील जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा ठिपक्यांचा पिंगळा सर्वांना माहीत आहे. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याचे नावही त्याच्याशी जोडलेले आहे. त्याचाच एक रानातला भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. 1873 साली ए. ओ. ह्यूम यांनी त्याची प्रथम नोंद केली. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच. नंतर खानदेशात सरकारी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांना हा पक्षी काही वेळा मिळाला. 1884 नंतर तो कोणालाही दिसला नाही. अपवाद एकच: 1914 साली गुजरातेत मांडवी येथे आपण तो मिळवला, असे कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी लिहून ठेवले होते. मोठा माणूस, मोठा संग्रह. कोण शंका घेणार? रानपिंगळ्याचा शोध घेणाऱ्यांच्या नजरा मांडवीकडे वळत राहिल्या, आणि हाती काही लागले नाही.

कर्नलसाहेब 1967 साली वारले. पुढे अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो पेंढा भरलेला पक्षी बारकाईने तपासला. तो डेव्हिडसन यांचाच निघाला! संग्रहालयातून उचललेला, नव्याने शिवलेला आणि खोटी चिठ्ठी बांधलेला. सातवी आणि आठवी आज्ञा एकाच हाताने मोडली होती. पण हिशेब लावायचा तर काय बिघडले होते? कोणा गरिबाला लुबाडले नव्हते, कोणाची बदनामी केली नव्हती. एक कागदाची चिठ्ठी बदलली होती, इतकेच. आणि तिने त्या पक्ष्याच्या शोधाची दिशा चुकवली.

आम्हाला वाटते, खोटे बोलणाऱ्याला आपले खोटे पुढे कुठे जाईल हे कधीच दिसत नसते. म्हणून ‘निरुपद्रवी’ हा शिक्का त्याने स्वतःच मारणे पोकळ आहे. शिवाय, नुकसान अजिबात झाले नसते तरी एक गोष्ट उरतेच. दोन पैशांना पाच चिमण्या विकल्या जातात, त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू येशू लूकच्या शुभवर्तमानात सांगतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात भाव एका पैशाला दोन आहे; म्हणजे लूकमधली पाचवी चिमणी फुकटातली! देवाला जिची आठवण आहे, तिच्याविषयी आपण मनाला येईल ते लिहायचे काय?

पक्ष्यांचे राहू द्या. कोणाची तरी मुलगी उमरीच्या स्टेशनवर कोणाशी बोलताना दिसते. पाहणाऱ्याला दिसलेली असते पाठ आणि ओढणीचा रंग. संध्याकाळपर्यंत ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले’ असे होते, आणि महिनाभरात एखादे ठरलेले लग्न मोडते. सांगणारा मुद्दाम खोटे बोललेला नसतोही. जे दिसले नाही ते त्याने भरून काढलेले असते, वहीतल्या त्या पक्ष्यासारखे. तो मुलीच्या बापापुढे मात्र कधी येत नाही.

‘पाहिले’ म्हणण्याआधी किती पाहावे लागते? 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी शहाद्याजवळच्या रानात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना एका झाडावर घुबड बसलेले दिसले. तेराशे नव्हे, पण एकशे तेरा वर्षांनी हवे होते ते समोर होते. लगेच ओरडावे असाच क्षण. पण साधा पिंगळाही अगदी तसाच बसतो. त्यामुळे खुणा पाहाव्या लागल्या. डोक्यावर ठिपके नव्हते. पायांवर दाट पांढरी पिसे होती. पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे होते. छायाचित्रे व चित्रफीतही घेतली गेली. पुढे मेळघाटातही रानपिंगळा सापडला. मांडवीची नोंद खोटी म्हणून खोडली गेली.